हातीं बसणें : ‘मॉन्स्टर हंटर’ या खेळाविषयीं

‘मॉन्स्टर हंटर’ या जपानी व्हिडिओ गेमवर सर्वांत जुना आक्षेप असा आहे कीं, खेळणाराला पहिले कांहीं तास राक्षसाशीं लढावेंच लागत नाहीं. त्याची सारी लढाई बटनांशीं आणि कॅमेऱ्याशीं चालते. समोर घराएवढा, पंखांचा आणि शेपटीचा प्राणी उभा असतो. शिकारी उजवीकडे पळावा म्हणून आपण अंगठा हालवितों, तों पडद्यावरून तो प्राणीच नाहींसा होतो आणि शिकारी एका रिकाम्या कड्याकडे तोंड करून तलवार उगारतो. ती तलवार खालीं येईपर्यंत दुसरें कांहींही करतां येत नाहीं. इतक्यांत मागून धडक बसते. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु खऱ्या आक्षेपाचाही अर्थ लावावा लागतो, आणि तें काम खेळाच्या जाहिराती करीत नाहींत व घरोघरचे वडीलधारेही करीत नाहींत. एकांना खेळ खपवावयाचा असतो, दुसऱ्यांना तो बंद करावयाचा असतो.

या खेळांत गोष्ट अशी फारशी नाहींच. खेड्यांत राहणाऱ्या शिकाऱ्यानें काम पत्करावें, रानांत जावें, बहुधा पन्नास मिनिटांच्या आंत एखादा बलाढ्य प्राणी मारावा किंवा जिवंत धरावा, त्याचे खवले आणि नखें आणून त्यांचें चिलखत करावें, आणि तें अंगांत घालून त्याहून बलाढ्य प्राण्याकडे जावें. तीनदां बेशुद्ध पडलें कीं काम फसलें. कॅपकॉम कंपनीनें या मालिकेंतला पहिला खेळ २००४ सालीं प्लेस्टेशन-२ या यंत्रासाठीं काढला. २०१८ सालच्या ‘वर्ल्ड’ या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ‘वाइल्ड्स’ बाहेर पडला. आमच्या विवेचनाचा मुख्य आधार मात्र या दोहोंहून जुना आहे : हातांत मावणाऱ्या पीएसपी यंत्रावर जपानांत २००८ सालीं व इतरत्र २००९ सालीं निघालेला ‘फ्रीडम युनाइट’. गुणदोषांची चर्चा करावयाची तर ती जेथें दोष सर्वांत ठळक आहेत तेथूनच सुरू करणें बरें.

या यंत्राला दिशा देणारी स्टिक एकच, आणि ती डाव्या अंगठ्याखालीं. तिनें शिकारी चालतो. कॅमेरा फिरविण्याचीं चार दिशांचीं बटनें तिच्या लगेच वर, म्हणजे त्याच अंगठ्याच्या वाट्याला. सारांश, पळावयाचें तर पाहतां येत नाहीं आणि पाहावयाचें तर पळतां येत नाहीं. उजव्या हाताखालीं वार करण्याचीं, लोळण घेण्याचीं आणि शस्त्र म्यान करण्याचीं बटनें आहेत. कडेचें एल बटन दाबलें कीं कॅमेरा शिकाऱ्याच्या पाठीशीं सरळ येतो, एवढीच सवलत. शस्त्र उपसलेलें असतांना धांवतां येत नाहीं. औषध प्यावयाचें तर आधीं शस्त्र म्यान केलें पाहिजे (ढाल-तलवार बाळगणाराला तेवढी मुभा आहे), आणि औषध पिऊन झाल्यावर शिकारी दोन्ही दंड फुगवून क्षणभर ऐटींत उभा राहतो. हा दंड फुगविण्याचा क्षण ज्या कारागिरानें बसविला, त्याला जगांतल्या किती भाषांतून शिव्या बसल्या असतील, देव जाणे!

या अडचणीवर खेळणारांनीं आपली तोड काढली. डाव्या हाताची तर्जनी वरून वांकवून कॅमेऱ्याच्या बटनांवर आणावयाची आणि अंगठा खालीं स्टिकवर ठेवावयाचा. हाताला शिकारी पक्ष्याच्या नखांसारखा आकार येतो, म्हणून इंग्रजी बोलणारे या पकडीस ‘क्लॉ’ म्हणतात; आपण तिला पंजा म्हणूं. पहिल्या आठवड्यांत मनगट दुखतें, बोट भलत्याच बटनावर घसरतें, आणि डावीकडे पाहावयाचें असतां शिकारी डावीकडे चालूं लागतो. पुढें एके दिवशीं लक्षांत येतें कीं, गेलीं पंधरा मिनिटें आपण बोटांचा विचारच केलेला नाहीं. हार्मोनियम किंवा तबला शिकलेल्या वाचकांना ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे तिला ‘हात बसला’ असें म्हणतात, आणि तो शब्दप्रयोग येथें अक्षरशः खरा आहे.

आतां हा बसलेला हात म्हणजे रसिकाची कमाई म्हणावी, कीं कारागिराच्या हयगयीची खेळणाऱ्यानें केलेली भरपाई? आमचा एक विद्यार्थी, ज्यानें ‘वर्ल्ड’पासूनच प्रारंभ केला, आम्हांस म्हणाला, “सर, तुम्ही ज्याला साधना म्हणतां ती खरें पाहतां बोटदुखी आहे.” हें उत्तर उद्धट वाटलें तरी टाकाऊ नाहीं. कष्ट सोसून मिळविलेल्या वस्तूवर मनुष्याचें प्रेम जडतें आणि मग तो त्या कष्टांचेंच स्तोत्र गाऊं लागतो. जुन्या पिढ्यांना हा रोग फार लवकर जडतो. तेव्हां कठिणपणाचे दोन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत.

शार्दूलविक्रीडितांत श्लोक रचावयाचा तर चरणांत एकोणीस अक्षरें हवींत, त्यांचे लघुगुरु ठरलेले आणि बाराव्या अक्षरावर यति. हा कठिणपणा काव्याच्या अंगचा आहे. तो काढून टाकला तर श्लोक सोपा होत नाहीं, तो श्लोकच राहत नाहीं. तोच श्लोक एखाद्या छापखान्यानें झिजलेल्या खिळ्यांनीं, अर्धींअधिक अक्षरें पुसट उमटवून छापला, तर वाचकाला त्रास तितकाच होतो. पण त्या त्रासाचें श्रेय कोणी वृत्ताला देत नाहीं. ‘मॉन्स्टर हंटर’मध्यें हे दोन्ही कठिणपणा एकाच हातांत, एकाच वेळीं भेटतात, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यांतला वृत्ताचा भाग कोणता व पुसट छपाईचा कोणता हें ज्यानें सांगितलें नाहीं, त्याची निंदाही वायां आणि स्तुतीही वायां. (त्या वृत्ताच्या नांवाचा अर्थ ‘वाघाची क्रीडा’ असा आहे, हा योगायोग आम्हांस या लेखापुरता मोठा सोईचा वाटला!)

वृत्ताचा भाग म्हणजे वार. या खेळांतली मोठी तलवार शिकाऱ्याच्या उंचीची असते. ती उगारण्यास वेळ लागतो, पडण्यास वेळ लागतो, आणि पडल्यावर पुन्हां सांवरण्यास त्याहून वेळ लागतो. मध्यें मन बदललें म्हणून हात मागें घेतां येत नाहीं. इतर पुष्कळ खेळांत बटन दाबणें याचा अर्थ ‘आतां मार’ असा असतो. येथें त्याचा अर्थ ‘थोड्या वेळानें जें होणार आहे त्याची जबाबदारी मीं घेतली’ असा आहे. म्हणून प्राणी आतां कोठें आहे हें पाहून वार करणारा हमखास चुकतो. तो पुढच्या क्षणीं कोठें असेल हें ज्याला त्याच्या खांद्याच्या झोंकावरून, मानेच्या वळणावरून कळतें, त्याचाच वार लागतो. प्राण्याची शक्ति किती उरली हें दाखविणारी रेघही पडद्यावर नाहीं. तो लंगडूं लागला, पळून आपल्या निवाऱ्याकडे जाऊं लागला, कीं समजावें. ज्या बंधनाला नवखा खेळणारा ‘कंट्रोल जड आहेत’ म्हणतो, त्या बंधनानेंच त्याला बटनांवरून उठवून प्राण्याकडे पाहावयास लावलें आहे. हात बांधलेला नसता तर डोळा कधींच उघडला नसता.

याचा उत्तम पुरावा म्हणजे यान कुट-कू नांवाचा प्राणी. गुलाबी वर्णाचा, सुपाएवढ्या कानांचा आणि अवाढव्य चोंचीचा हा पक्षी जुन्या खेळांत नवशिक्यासमोर येणाऱ्या पहिल्या मोठ्या प्राण्यांपैकीं आहे. जपानी खेळणारे त्याला प्रेमानें ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. ही पदवी त्याला उगीच मिळालेली नाहीं. तो धांवत येतो आणि धांव संपली कीं स्वतःच तोंडघशीं पडतो : येथें शिष्यानें वाट पाहावयास शिकावें. तो गर्रकन फिरून शेपटी मारतो, पण नेहमीं ठरलेल्या बाजूनें : येथें कोणत्या कुशीला उभें राहावें तें शिकावें. तो चवताळला कीं त्याच्या तोंडांतून ज्वाळा निघूं लागतात, म्हणजे आतां थोडा वेळ दूर राहावें. मोठा आवाज झाला तर तो भांबावतो, कान मोठे आहेत ना! आणि मरणोन्मुख झाला कीं तेच कान पाडतो. पुढें भेटणाऱ्या भयंकर प्राण्यांचे बहुतेक सारे धडे या एका गमतीदार पक्ष्याच्या अंगांत थोडथोडे घालून ठेवलेले आहेत. एक अक्षरही न बोलतां शिकविणारा असा शिक्षक आमच्या पेशांत विरळा.

राहिला कॅमेरा. येथें निर्णय इतका सरळ देतां येत नाहीं. एकाच अंगठ्यावर दोन कामें लादलीं ही यंत्राची उणीव होय, आणि पंजा हा तिच्यावरचा उपाय. तो पुसट छपाईचा भाग झाला. मोठ्या प्राण्यानें शिकाऱ्याला भिंतीशीं गांठलें म्हणजे कॅमेरा भिंत आणि प्राणी यांच्या मध्यें चेंगरतो आणि पडद्यावर केवळ खवले किंवा पिसें दिसतात. त्याचें समर्थन तर कोणीही करूं नये. परंतु एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. २००४ सालच्या पहिल्या खेळाच्या यंत्राला दोन स्टिका होत्या, तरीही कारागिरांनीं दुसरी स्टिक कॅमेऱ्याला दिली नाहीं, वाराला दिली. ती ज्या दिशेस ढकलावी त्या प्रकारचा वार होई, आणि कॅमेरा तेव्हांही डाव्या हाताच्या बटनांवरच होता. म्हणजे कॅमेरा मागें राहिला तो केवळ नाइलाजानें नव्हे. कोठें पाहावें हें यंत्रानें ठरवूं नये, खेळणाऱ्यानें आपल्या श्रमानें ठरवावें, असा कांहीं तरी हेतु त्या मांडणींत दिसतो. निन्टेंडोच्या थ्रीडीएस यंत्रावर पुढें जो ‘टार्गेट कॅमेरा’ आला, त्यांतही ही मर्यादा पाळलेली आहे : बटन दाबलें कीं दृष्टि प्राण्याकडे वळते, पण ती तेथें खिळून राहत नाहीं. पुन्हां पाहावयाचें तर पुन्हां मागावें लागतें.

पाहणें ही शिकावी लागणारी विद्या आहे, ही गोष्ट आम्हां गोंदियाकरांना जपानी खेळानें सांगावी यांत थोडा विनोद आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ हें १९७९ सालचें पुस्तक आमच्याच अरण्यावरचें. त्या पुस्तकाची थोरवी त्यांत वाघ किती भेटले यावर अवलंबून नाहीं. एकाच रानांत मुक्काम ठोकून, तेंच पाणी आणि तींच झाडें पुनः पुनः पाहणाऱ्या एका डोळ्याची ती थोरवी आहे. मारुती चितमपल्ली नवेगांवबांधला वनाधिकारी म्हणून आले, तेव्हां त्यांना माधवराव पाटील डोंगरवारांसारखा रान जाणणारा माणूस भेटला आणि वनखात्याच्या पुस्तकांत नसलेलें पुष्कळ ज्ञान त्यांना त्याच्या संगतींत मिळालें. (चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्यें निवर्तले, त्याच वर्षीं त्यांना पद्मश्री मिळाली होती.) हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार चोरखमारा किंवा पिटेझरीच्या फाटकावर पाहावयास मिळतो. पाहुणे जिप्सींत बसतात, वाघ कोणत्या बाजूस दिसला हें चालक आणि गाइड जाणतात, गाडी तेथें नेऊन उभी करतात, आणि पाहुणे मोबाइल उंच धरून फोटो काढतात. आम्ही या प्रकाराला नांवें ठेवीत नाहीं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेंकुरांना रान दाखविण्यास दुसरा मार्ग नाहीं. पण वाघ दिसणें आणि वाघ पाहतां येणें यांत अंतर आहे, आणि आमच्या मतें ‘मॉन्स्टर हंटर’च्या जुन्या व नव्या खेळांतलें अंतरही नेमकें याच ठिकाणीं आहे.

‘वर्ल्ड’मध्यें दिसणाऱ्या पुष्कळ सुधारणा आम्ही आनंदानें मान्य करतों. उजवी स्टिक कॅमेऱ्याला मिळाली, पंजा संपला, बरें झालें. औषध चालतां चालतां पितां येऊं लागलें. दंड फुगविणारा तो वीर गेला, त्याच्यासाठीं दोन अश्रू गाळून आपण पुढें जाऊं. रानाचे पूर्वीं आंकडे घातलेले तुकडे असत आणि एकांतून दुसऱ्यांत जातांना पडदा काळा होई. तें जाऊन सलग रान आलें, ही तर खरी श्रीमंती. मात्र त्याच खेळांत हिरवट प्रकाशाचे काजवे आले, जे प्राण्याच्या माग-खुणांवरून उडत शिकाऱ्याला वाट दाखवितात. पूर्वीं प्राणी सापडला कीं त्यावर रंगाचा गोळा फेकून मारावा लागे, तेव्हां कोठें तो नकाशावर दिसे. आणि त्या रंगाचा परिणाम कांहीं वेळानें उतरे. काजवे आले आणि खेळणाऱ्याची नजर रानावरून उठून काजव्यांवर बसली. ‘वाइल्ड्स’मध्यें तर शिकाऱ्याला सेक्रेट नांवाचें वाहन आहे, त्याला इच्छा सांगितली कीं तें आपण होऊन, कडेकपारी ओलांडीत, प्राण्यापुढें नेऊन उभें करतें. आम्हांस त्यावर बसल्यावर पिटेझरीची जिप्सी आठवली. तें रान २००८ सालच्या रानाहून शतपटीनें सुंदर आहे, आणि त्यांतली एकही पायवाट आमच्या ध्यानांत राहिली नाहीं. कादंबरी न वाचतां गाइड वाचून परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस उत्तरें येतात, पात्रांचीं तोंडें मात्र आठवत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार.

वाराविषयीं ‘वाइल्ड्स’नें जें केलें तें याहून गंभीर आहे, आणि त्यावर टीकाकारांनीं अधिक विचार करावयास हवा होता. त्यांत ‘फोकस मोड’ म्हणून एक सोय आहे. एक बटन दाबून धरलें कीं शिकाऱ्याचा वार कॅमेरा जिकडे पाहील तिकडे वळतो. उगारलेली तलवारही पडतां पडतां वळवितां येते. म्हणजे दृष्टि आणि हात, जे जुन्या खेळांत दोन निराळे अवयव होते आणि ज्यांचा मेळ घालणें हीच सारी कला होती, ते एक झाले. याच्या बाजूनें सांगण्यासारखें आहे. वार आतां नेमका जखमेवर घालतां येतो, आणि जखमा निर्माण करणें व फोडणें या नव्या कौशल्यास त्यावांचून अर्थ राहिला नसता. वृत्त सैल करून मुक्तछंद लिहिणाऱ्या कवीस आम्ही केवळ त्यासाठीं दोष देत नाहीं. परंतु मुक्तछंदानें वृत्ताचा ताण टाकला म्हणजे त्याला आपला स्वतःचा ताण निर्माण करावा लागतो. ‘वाइल्ड्स’ तो कांहीं लढतींत निर्माण करतो. पुष्कळ लढतींत मात्र वार आधीं करावा आणि विचार नंतर करावा, एवढी सवड खेळणाऱ्याला मिळून राहते. चुकलेला वार खालीं पडतांना पाहत राहण्याची जी एक शिक्षा होती, तिच्याबरोबर नेमक्या लागलेल्या वाराचा आनंदही उणा झाला आहे.

येथें दुसरा एक दोष सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तो जुन्या खेळांत अधिक आहे आणि त्यांचे चाहते तो झांकून ठेवतात. प्राण्यावर विजय मिळविला कीं तो संपत नाहीं. त्याच्या अंगच्या एखाद्या दुर्मिळ मण्यासाठीं किंवा खवल्यासाठीं तोच प्राणी दहा-दहा, वीस-वीस वेळां मारावा लागतो, आणि तो मणि मिळणें न मिळणें निव्वळ नशिबावर. पहिली शिकार ही विद्या, दुसरी-तिसरी हा सराव. त्यापुढच्या मजुरीस काय म्हणावें? ज्या खेळानें प्राण्याकडे एकाग्र होऊन पाहावयास शिकविलें तोच खेळ विसाव्या वेळीं त्याच प्राण्यास खवल्यांचें पोतें समजावयास शिकवितो. १९७२ च्या कायद्यानें आपल्या देशांत शिकारीचा छंद संपविला. आमच्या नागझिऱ्यांत २०२३ च्या मे महिन्यांत ब्रह्मपुरीच्या रानांतून दोन वाघिणी मुद्दाम आणून सोडल्या. अशा ठिकाणीं राहणाऱ्या मनुष्यास हें पोतें भरणें थोडें अधिक खुपतें. खेळ आपल्या परीनें निसर्गाच्या समतोलाची भाषा बोलतो आणि प्राण्यास जिवंत धरण्याची सोयही ठेवतो, हें आम्ही नोंदवून ठेवतों. पण समतोल राखण्यासाठीं एकाच जातीचे वीस प्राणी एका मण्यापायीं मारावे लागत नाहींत. येथें कठिणपणा वृत्ताचाही नाहीं आणि छपाईचाही नाहीं. तो दुकानदारीचा आहे.

ज्या पालकांना या खेळाविषयीं निर्णय करावयाचा आहे त्यांनीं, आमच्या मतें, मूल किती वेळ खेळतें याबरोबरच तें कोणत्या टप्प्यावर आहे हेंही पाहावें. बटनांवर चिडत असेल तर तें शिकत आहे. पडद्यावरचा प्राणी कसा चालतो हें तें जेवतांना हातवारे करून सांगत असेल तर फारच उत्तम शिकत आहे. न बोलतां, डोळे अर्धे मिटून, त्याच प्राण्यास पंधराव्यांदा मारीत असेल तर खुशाल यंत्र बंद करावें.

‘फ्रीडम युनाइट’ आज मूळ रूपांत खेळावयाचा तर पीएसपी यंत्र जुन्या बाजारांतच शोधावें लागतें, कारण त्याचें उत्पादन केव्हांच बंद झालें. त्यामुळें नव्या खेळणारांची ओळख ‘वर्ल्ड’ किंवा ‘वाइल्ड्स’पासून होणार हें उघड आहे. कुट-कू गुरुजींना मधल्या कांहीं मोठ्या खेळांतून रजा मिळाली होती; ‘वाइल्ड्स’मध्यें ते परत आले, तेव्हां आम्हांस मोठा आनंद झाला. तेच कान, तीच चोंच. पण त्यांचा तास आतां बदलला आहे. नवशिक्याची पहिली गांठ चाताकाब्रा नांवाच्या बेडकासारख्या प्राण्याशीं पडते. गुरुजी येतात ते मुख्य कथा संपल्यावर, वरच्या श्रेणींत, आणि पुष्कळदां एकटे न येतां कळपानें. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर गुरुजी वर्गांत शिरतात, हजेरी घेतात, नेहमींप्रमाणें धांवत येऊन तोंडघशीं पडतात. आणि समोर शिकण्यासाठीं कोणीच उरलेलें नसतें.